उत्तर कोकणातील सागवन-धोरण आणि रोपवनांतील तळवनस्पती : एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

वन म्हणजे केवळ उंच वृक्षांचा समूह नव्हे. मोठ्या वृक्षांच्या छायेत वाढणारी झुडपे, वेली, कंद, गवते व रोपटी यांचा जो खालचा थर असतो, तो वनाच्या अस्तित्वाचा पाया असतो. प्रस्तुत शोधनिबंधात या थराचा उल्लेख 'तळवनस्पती' असा केला असून, व्यवहारातील 'झाडोरा' हा शब्दही त्याच अर्थाने योजला आहे. उत्तर कोकणात, विशेषतः जुन्या ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत, १८४७ पासून राबविल्या गेलेल्या वनधोरणात सागाला मिळालेले अग्रस्थान, त्यामुळे झाडोऱ्याकडे झालेले दुर्लक्ष, त्यावरून उद्भवलेले संघर्ष आणि आजच्या भरपाई वनीकरणाशी असलेला त्यांचा संबंध यांचा येथे आढावा घेण्यात आला आहे. शासनव्यवस्था वनात काय मोजते, यावर वनात काय टिकते हे बऱ्याच अंशी अवलंबून असते, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : साग, रोपवन, तळवनस्पती, राब, जंगल सत्याग्रह, भरपाई वनीकरण, कामोठे, कर्नाळा.

प्रस्तावना

रायगड जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यातील कामोठे ही आज नवी मुंबईतील दाट लोकवस्तीची वसाहत म्हणून ओळखली जाते. खाडीकाठची भातशेती आणि खाजणजमीन असलेल्या या परिसराचे नागरीकरण गेल्या काही दशकांतच झाले. तथापि, या वसाहतीपासून मुंबई-गोवा महामार्गाने थोड्याच अंतरावर कर्नाळ्याचे वन आहे. पावसाच्या आरंभी पनवेल परिसरातील बाजारांत ठाकूर व कातकरी स्त्रिया शेवळा, भारंगी, करटोली, कोळीची भाजी अशा रानभाज्या विक्रीस आणतात. या टोपल्यांतील बहुतेक जिन्नस मोठ्या वृक्षांचे नसतात. ते झाडोऱ्यातले असतात. शेवळ्याची भाजी करताना त्याची खाज मारण्यासाठी काकडाच्या झाडाचे आंबट फळ घालावे लागते, हे ज्ञान ज्या समाजाकडे आहे, त्या समाजाला वनाचे सर्व थर एकत्रच दिसतात. वनखात्याच्या नोंदींत मात्र या दोन्ही वस्तूंना दीर्घकाळ 'किरकोळ' या वर्गातच स्थान मिळाले.

वनांचा इतिहास लिहिताना कायदे, महसूल आणि आंदोलने यांवर भर दिला जातो. वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक रोपवनांतील प्रजातींची गणना करतात. या दोन्ही अभ्यासशाखा परस्परांशी फारशा संवाद करीत नाहीत. त्यामुळे आज एखाद्या सागरोपवनाखाली जे उगवते किंवा उगवत नाही, त्यामागे दीडशे वर्षांचे प्रशासकीय निर्णय आहेत, ही बाब नजरेआड होते. ही उणीव लक्षात घेऊन प्रस्तुत विषयाची निवड करण्यात आली आहे.

संशोधनाची उद्दिष्टे

१. उत्तर कोकणात सागाला प्राधान्य देणाऱ्या वनधोरणाच्या विकासाचा आढावा घेणे.
२. या धोरणाचा झाडोऱ्यावर आणि त्यावर अवलंबून असणाऱ्या समाजघटकांवर झालेला परिणाम तपासणे.
३. रोपवन आणि तळवनस्पतींची विविधता यांच्या परस्परसंबंधाविषयीच्या आधुनिक विचाराचा ऐतिहासिक संदर्भ स्पष्ट करणे.
४. नवी मुंबई परिसरातील वर्तमान वनीकरणाच्या संदर्भात या इतिहासाचे महत्त्व विशद करणे.

संशोधन पद्धती

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. वनविषयक कायदे, धोरणे, जिल्हा गॅझेटियर, वनस्पतिकोश आणि वनशास्त्रीय वाङ्मय या दुय्यम साधनांच्या आधारे विवेचन केले आहे.

१. वसाहतपूर्व काळ : राजवृक्ष आणि रयतेचे झाड

इंग्रजांच्या आगमनापूर्वी कोकणातील वने अस्पर्शित होती आणि त्यानंतरच त्यांचा ऱ्हास सुरू झाला, अशी मांडणी काही वेळा केली जाते. ती पूर्णतः ग्राह्य धरता येत नाही. मराठ्यांच्या आरमाराला सागाच्या लाकडाची गरज होतीच. रामचंद्रपंत अमात्यांच्या १७१५-१६ च्या सुमाराच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड कोठून व कसे घ्यावे याचे विवेचन आहे. साग-शिसवाचे लाकूड हुजूरच्या परवानगीने तोडावे. परंतु आंबा-फणसासारखी झाडे रयतेने दीर्घकाळ जतन करून वाढविलेली असल्यामुळे त्यांना धक्का लावू नये, असा त्यातील आशय आहे. येथे राज्याला उपयुक्त असलेला वृक्ष आणि रयतेला उपयुक्त असलेला वृक्ष असा भेद स्पष्टपणे केलेला दिसतो.

मुंबई बंदरातील जहाजबांधणीने सागाची मागणी आणखी वाढविली. लवजी नसरवानजी वाडिया हे १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईस आले आणि त्यांच्या घराण्याने पुढे मुंबईच्या गोदीत अनेक जहाजे बांधली. १८१७ मध्ये येथे बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही सागाची युद्धनौका आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगत आहे. सागाच्या टिकाऊपणाचा याहून ठळक पुरावा क्वचितच देता येईल. मात्र याच टिकाऊपणामुळे पुढील काळात वनाचे मूल्य म्हणजे सागाचे मूल्य असे समीकरण रूढ झाले.

असे असले तरी या काळात वनाच्या खालच्या थरावर राज्याचे नियंत्रण नव्हते. कुडाच्या भिंतींसाठी कारवी, जनावरांसाठी गवत, औषधासाठी कुडा व मुरुडशेंग, दुष्काळात पोटाला आधार म्हणून कडू कंद, ही सर्व सामग्री गावकऱ्यांच्या वहिवाटीत होती.

२. वनखात्याची स्थापना आणि एक विसंगती

मुंबई इलाख्यात १८४७ मध्ये डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांची वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली. त्यापूर्वी ते पुण्याजवळील दापोडीच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक होते. त्यांच्यानंतर १८६० मध्ये एन. ए. डालझेल यांनी हे पद सांभाळले. या दोघांनी मिळून सिद्ध केलेला मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा कोश १८६१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वृक्षांबरोबरच झुडपे, वेली आणि लहान औषधींचेही वर्णन आहे. वनाधिकारी डब्ल्यू. ए. टॅलबट यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी याच परंपरेत इलाख्याच्या वनवृक्षांचा व झुडपांचा द्विखंडात्मक ग्रंथ सिद्ध केला.

येथे एक विसंगती प्रकर्षाने जाणवते. जे अधिकारी विद्वान म्हणून झाडोऱ्यातील प्रत्येक वनस्पतीची नोंद करीत होते, तेच अधिकारी प्रशासक म्हणून प्रामुख्याने सागाचा हिशेब ठेवीत होते. झाडोऱ्याचे ज्ञान उपलब्ध नव्हते म्हणून त्याकडे दुर्लक्ष झाले, असे म्हणता येत नाही. ज्ञान उपलब्ध होते. परंतु ते कोशात राहिले आणि निर्णयाच्या कागदावर उतरले नाही.

याच काळात रेल्वेचे आगमन झाले. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई-ठाणे लोहमार्ग सुरू झाला आणि १८६३ मध्ये बोरघाटातून गाड्या धावू लागल्या. रुळांखालील लाकडी पट्ट्या, पूल, स्थानके आणि इंजिनासाठी सरपण यांच्या मागणीचा मोठा भार नजीकच्या वनांवर पडला. १८६४ मध्ये हिंदुस्थानच्या वनखात्याची स्थापना होऊन डीट्रिख ब्रँडिस हे त्याचे पहिले महानिरीक्षक झाले. १८६५ आणि १८७८ च्या कायद्यांनी वनांवरील राज्याची मालकी दृढ केली. १८७८ च्या कायद्याने राखीव, संरक्षित आणि ग्रामवने असे तीन वर्ग निर्माण केले.

३. राबाचा प्रश्न : झाडोऱ्यावरील पहिला मोठा वाद

उत्तर कोकणातील भातशेतीत 'राब' ही पद्धत प्रचलित होती. भाताचा तरवा पेरण्यापूर्वी त्या जागेवर शेण, झाडांच्या छाटलेल्या फांद्या म्हणजे टहाळ, पाला व गवत यांचे थर देऊन ते भाजले जात. त्यामुळे तणांचे बी जळते, माती भुसभुशीत होते आणि राखेतून पोषण मिळते. ऐनासारख्या झाडांचा टहाळ व रानातील पालापाचोळा हा या पद्धतीचा कणा होता. म्हणजेच डोंगरावरील वन आणि खालील खाचर ही एकाच शेतीव्यवस्थेची दोन अंगे होती.

राखीव वनांच्या हद्दी आखल्या जाऊ लागल्यावर हा संबंध तुटू लागला. वनाधिकाऱ्यांच्या दृष्टीने टहाळ तोडणे ही झाडांची नासधूस होती. शेतकऱ्यांच्या दृष्टीने तो भाताच्या पेरणीचा आरंभ होता. दोन्ही बाजूंत काही अंशी तथ्य होते. दरवर्षी अतिरेकी छाटणी झालेली झाडे खुरटतात, हे नाकारता येत नाही. परंतु राबाला तेवढाच सुलभ पर्यायही शेतकऱ्यासमोर नव्हता. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील असंतोष एवढा वाढला की, १८८५ मध्ये सरकारला मुंबई वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये सादर झाला. वनाचा खालचा थर हा शासकीय चौकशीचा विषय होण्याचे हे महत्त्वाचे उदाहरण होय.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात जंगल खात्याने डोंगर, गायराने व कुरणे ताब्यात घेतल्यामुळे शेतकऱ्यांच्या जनावरांचे कसे हाल झाले, याची कठोर चिकित्सा केली आहे. फुले यांचा रोख लाकडापेक्षा चराई, पाला आणि किरकोळ रानमेव्यावर आहे, ही बाब येथे महत्त्वाची ठरते. गरीब माणसाचे वन हे सागाच्या खोडात नव्हे, तर त्याच्या भोवतालच्या झाडोऱ्यात होते, हे त्यांनी अचूक ओळखले होते.

४. जर्मन वनशास्त्र आणि 'शुद्ध' सागवन

सागाची लागवड करून वन निर्माण करण्याची कल्पना भारतात मलबारमधील निलांबूर येथे साकार झाली. जिल्हाधिकारी कोनोली यांच्या पुढाकाराने १८४० च्या दशकात तेथे सागलागवड सुरू झाली आणि चातू मेनन यांनी ती यशस्वी करून दाखविली. ब्रह्मदेशात फिरत्या शेतीबरोबरच सागाची रोपे लावून घेण्याची 'टाँग्या' पद्धत विकसित झाली. या प्रयोगांमागील शास्त्रीय विचार मुख्यतः जर्मनीतून आला होता. ब्रँडिस आणि त्यांच्यानंतरचे श्लिश व रिबेनट्रॉप हे तिन्ही महानिरीक्षक जर्मन होते.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून जर्मन संस्थानांत वनाकडे लाकडाच्या वार्षिक उत्पन्नाच्या दृष्टीने पाहिले जाऊ लागले. एकाच जातीची, एकाच वयाची, सरळ ओळींत लावलेली झाडे मोजण्यास सोयीची असल्यामुळे मिश्र वने तोडून सूचिपर्णी वृक्षांची लागवड करण्यात आली. पहिल्या पिढीत उत्पन्न चांगले मिळाले. कारण जुन्या मिश्र वनाने साठविलेली सुपीकता मातीत शिल्लक होती. पुढील काळात मातीचा कस, वाऱ्याने होणारी पडझड आणि कीड यांचे प्रश्न उभे राहिले. म्युनिक येथील वनशास्त्रज्ञ कार्ल गायर यांनी १८८६ मध्येच मिश्र वनांचा पुरस्कार करणारा ग्रंथ लिहिला. म्हणजे भारतात एकसुरी लागवडीचा विस्तार होत असतानाच तिच्या जन्मभूमीत तिच्याविषयी शंका व्यक्त होऊ लागली होती.

भारतातही हा प्रश्न अनुत्तरित राहिला नाही. १९२० व १९३० च्या दशकांत वनाधिकाऱ्यांमध्ये 'शुद्ध सागाचा प्रश्न' या नावाने चर्चा झाली. सागाचे पान आकाराने मोठे असते. पावसाचे थेंब त्यावर एकत्र होऊन मोठ्या आकाराने खाली पडतात. खाली झाडोरा व पालापाचोळा असेल तर त्यांचा आघात शोषला जातो. जमीन उघडी असेल तर माती सुटी होऊन वाहून जाते. त्यात सागाची सर्व पाने उन्हाळ्यापूर्वी गळतात व वणवा लागल्यास हा पाचोळाही जळून जातो. सागाची साल व मूळ वणवा सहन करू शकतात; झाडोऱ्यातील अनेक नाजूक रोपांना ते शक्य होत नाही. त्यामुळे वारंवार जळणाऱ्या रोपवनात साग उभा राहतो आणि त्याखालील जमीन ओकीबोकी होत जाते. झाडोरा हा सागाचा प्रतिस्पर्धी नसून त्याच्या मातीचा राखणदार आहे, हा विचार वनशास्त्राला अपरिचित नव्हता, हे यावरून सिद्ध होते.

५. चिरनेर १९३० : गवत आणि काटकीचे राजकारण

सविनय कायदेभंगाच्या काळात महाराष्ट्रात मिठाच्या सत्याग्रहाबरोबरच जंगल सत्याग्रह झाले. पुसद येथे लोकनायक बापूजी अणे यांच्या नेतृत्वाखाली जुलै १९३० मध्ये गवत कापून कायदेभंग करण्यात आला. सांगली परिसरातील बिळाशीचा लढाही प्रसिद्ध आहे. कामोठ्यापासून जवळ असलेल्या, आजच्या उरण तालुक्यातील चिरनेर येथे २५ सप्टेंबर १९३० रोजी अक्कादेवीच्या डोंगरावर सत्याग्रह झाला. तेथे झालेल्या गोळीबारात आठ आंदोलक हुतात्मा झाले. त्यांत कातकरी समाजातील नाग्या महादू कातकरी यांचा समावेश होता. या प्रसंगी मामलेदार जोशी यांनाही प्राण गमवावे लागले.

चिरनेरचा इतिहास सामान्यतः राष्ट्रीय स्वातंत्र्यलढ्याचा एक अध्याय म्हणून सांगितला जातो, आणि ते योग्यच आहे. तथापि, या लढ्याची दुसरी बाजूही विचारात घेणे आवश्यक ठरते. सत्याग्रहासाठी निवडलेले कृत्य हे राखीव वनात शिरून गवत-लाकूड तोडण्याचे होते. आगरी, कोळी, कराडी, ठाकूर व कातकरी समाजांतील माणसांना हे कृत्य स्वातंत्र्याचे प्रतीक म्हणून पटले. कारण दैनंदिन जीवनात राज्यसत्तेशी त्यांची गाठ याच ठिकाणी पडत होती. ज्यांना खैराच्या काथावरून 'कातकरी' हे नाव मिळाले असे सांगितले जाते, त्या समाजाला वनाच्या हद्दीवर गुन्हेगार ठरविले जाणे, हा या इतिहासातील सर्वांत वेदनादायक विरोधाभास होय.

६. स्वातंत्र्योत्तर काळ : मानवनिर्मित वने

१९५२ च्या राष्ट्रीय वनधोरणाने देशाच्या एक तृतीयांश भूभागावर वने असावीत असे उद्दिष्ट ठरविले. परंतु वनाच्या उत्पादक मूल्याविषयीचा वसाहतकालीन दृष्टिकोन मूलतः बदलला नाही. राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७२ च्या अंतरिम अहवालात 'मानवनिर्मित वनां'द्वारे उत्पादन वाढविण्याची शिफारस केली. कमी उत्पन्नाची मिश्र वने साफ करून तेथे साग, निलगिरी अशा जलद किंवा किमती जातींची लागवड करावी आणि त्यासाठी स्वायत्त महामंडळे स्थापन करावीत, असा हा विचार होता. त्यानुसार १९७४ मध्ये वनविकास महामंडळ, महाराष्ट्र ही संस्था स्थापन झाली. विदर्भाबरोबरच ठाणे-नाशिक पट्ट्यातही तिच्याकडे वनक्षेत्र सोपविण्यात आले.

सागरोपवनाची कार्यपद्धती लक्षात घेतल्यास झाडोऱ्यावरील परिणाम समजून घेणे सुलभ होते. प्रथम कुपाची आखणी होते. उपयुक्त लाकूड काढून झाल्यावर उरलेला झाडोरा तोडून जाळला जातो. पावसाच्या आरंभी सागाच्या जडी, म्हणजे मुळासह छाटलेली खुंटे, साधारणतः दोन मीटर अंतरावर लावली जातात. म्हणजे एका हेक्टरमध्ये सुमारे २,५०० रोपे बसतात. पहिली काही वर्षे निंदणी केली जाते आणि पुढे टप्प्याटप्प्याने विरळणी होते. या क्रमात झाडोऱ्याला पहिला आघात जाळण्याने, दुसरा निंदणीने आणि तिसरा दाट छत्रामुळे होतो. ज्यांची मुळे वा कंद खोल असतात, त्या वनस्पती काही प्रमाणात तग धरतात; ज्यांना स्थिर ओलावा व सावली लागते, त्या मागे हटतात.

रिकाम्या झालेल्या जागेत अनेकदा परकीय तणे शिरतात. घाणेरी अर्थात टणटणी ही अमेरिकेतून एकोणिसाव्या शतकात शोभेसाठी आणलेली वनस्पती आणि तिच्यामागोमाग पसरलेली रानमोडी ही याची ठळक उदाहरणे होत. अशा ठिकाणी झाडोरा दाट दिसतो. पण तो एकजिनसी असतो. म्हणून झाडोऱ्याचे केवळ अस्तित्व पुरेसे नसून त्यातील विविधता महत्त्वाची असते.

१९७० च्या दशकातच या धोरणाला विरोध सुरू झाला. चिपको आंदोलन (१९७३) आणि बस्तरमध्ये सालवृक्षांच्या जागी पाइन लावण्याच्या योजनेला झालेला विरोध ही त्याची देशपातळीवरील उदाहरणे होत. महाराष्ट्रात याच दशकात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी देवरायांचा अभ्यास करून त्यांतील जैवविविधतेकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. देवराईत वृक्ष, वेली, झुडपे व रोपटी असे सर्व थर एकत्र नांदतात. त्यामुळे रोपवनात काय हरवले आहे, हे समजण्यासाठी देवराई हा तुलनेचा उत्तम आधार ठरतो. १९८० च्या वनसंरक्षण कायद्याने आणि १९८८ च्या वनधोरणाने पर्यावरणीय समतोलाला आर्थिक लाभापेक्षा अग्रक्रम दिला. धोरणाची भाषा बदलली. परंतु उभी असलेली रोपवने आणि मोजमापाच्या सवयी तशाच राहिल्या.

७. रोपवन म्हणजे ओसाड भूमी काय?

वरील विवेचनावरून रोपवनांत विविधता असूच शकत नाही, असा निष्कर्ष काढणे एकांगी ठरेल. १९९० च्या दशकापासून उष्ण कटिबंधातील अभ्यासकांनी असे दाखवून दिले आहे की, उजाड जमिनीवर केलेली लागवड योग्य परिस्थितीत स्थानिक वनस्पतींच्या पुनरागमनास साहाय्यभूत ठरते. लागवडीमुळे सावली मिळते, गवताचा जोर कमी होतो, मातीत पालापाचोळा मिसळतो आणि फांद्यांवर बसणारे पक्षी बिया आणून टाकतात. मात्र त्यासाठी काही अटी पूर्ण व्हाव्या लागतात : जवळपास नैसर्गिक वन शिल्लक असणे, वणवा व अतिचराई यांपासून संरक्षण मिळणे, वेळेवर विरळणी होणे आणि निंदणीच्या नावाखाली स्थानिक रोपे उपटली न जाणे.

येथे एक मूलभूत भेद ध्यानात घ्यावा लागतो. उजाड टेकडीवर केलेले रोपवन आणि नैसर्गिक मिश्र वन तोडून त्या जागी केलेले रोपवन यांचा इतिहास भिन्न असतो. पहिल्यात विविधता वाढण्याची शक्यता असते. दुसऱ्यात ती घटणे जवळपास अटळ असते. रोपवनाखालील झाडोऱ्याची नोंद करताना त्या जागेचा पूर्वेतिहास तपासला नाही, तर दोन परस्परविरोधी निष्कर्ष एकाच वेळी खरे वाटू शकतात. वनस्पतिशास्त्राला इतिहासाची गरज भासते ती येथे.

८. कामोठे आणि नवी मुंबई : भरपाईचा हिशेब

१७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण परिसरातील ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी अधिसूचित झाली. भूसंपादनाच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी पाच शेतकऱ्यांना हौतात्म्य प्राप्त झाले. कामोठे हे याच नव्या शहराचा भाग बनले व १ ऑक्टोबर २०१६ पासून ते पनवेल महानगरपालिकेत समाविष्ट आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळासाठी उलवे टेकडी सपाट करण्यात आली. या सर्व बदलांत जमिनीच्या मोबदल्याची चर्चा झाली. टेकड्यांवरील झाडोऱ्याचा मोबदला हा प्रश्न मात्र क्वचितच उपस्थित झाला.

सध्याच्या व्यवस्थेत वनजमीन अन्य कामासाठी वळविली गेल्यास अन्यत्र वनीकरण करून भरपाई केली जाते. २०१६ च्या भरपाई वनीकरण निधी कायद्याने यासाठी स्वतंत्र निधीची तरतूद केली. महाराष्ट्रात २०१६ ते २०१९ या काळात अनुक्रमे २ कोटी, ४ कोटी, १३ कोटी व ३३ कोटी वृक्षलागवडीची उद्दिष्टे ठरविण्यात आली. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या व्याख्येनुसार एक हेक्टर वा अधिक क्षेत्रावर वृक्षछत्राची घनता दहा टक्के वा अधिक असल्यास ते वनाच्छादन मानले जाते; तेथील जाती कोणत्या, हा निकष त्यात नाही. उपग्रहाच्या नजरेला गिरिपुष्पाचे रान, सागाचे रोपवन आणि कर्नाळ्याचे मिश्र वन यांच्यातील खालचा फरक दिसत नाही. एकोणिसाव्या शतकात सागाची खोडे मोजली गेली. आज रोपांची संख्या व छत्राची टक्केवारी मोजली जाते. मापक बदलले, झाडोरा मात्र दोन्ही वेळी हिशेबाबाहेरच राहिला.

१९६८ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झालेल्या कर्नाळ्याचे क्षेत्र आरंभी ४.४८ चौरस किलोमीटर होते. २००३ मध्ये ते सुमारे १२.११ चौरस किलोमीटर झाले. पक्ष्यांसाठी प्रसिद्ध असलेले हे लहानसे क्षेत्र परिसरातील झाडोऱ्याचे बीजभांडारही आहे. वर सांगितलेल्या अटींचा विचार करता, पनवेल परिसरातील कोणतेही वनीकरण यशस्वी व्हावयाचे असेल, तर अशा शिल्लक वनांचे सान्निध्य हीच त्याची खरी पुंजी ठरते. ती पुंजी नष्ट झाल्यास लाखो रोपे लावूनही शेवळा, भारंगी किंवा कारवी परत येण्याची शक्यता उरत नाही.

२००६ च्या वनहक्क कायद्याने या इतिहासाला एक वेगळे वळण दिले आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क प्राप्त झाला व गौण वनोपजावर ग्रामसभेचा अधिकार मान्य झाला. दीर्घकाळ 'गौण' मानल्या गेलेल्या वस्तूच ग्रामसभेच्या अधिकाराचा आधार बनल्या, ही घटना राब आणि चिरनेरच्या पार्श्वभूमीवर विशेष अर्थपूर्ण आहे.

निष्कर्ष

१. उत्तर कोकणातील वनधोरणात सागाला मिळालेले प्राधान्य हे जहाजबांधणी, रेल्वे आणि महसूल यांच्या गरजांतून निर्माण झाले. झाडोऱ्याविषयीच्या अज्ञानातून नव्हे.
२. राबाचा वाद व चिरनेरचा सत्याग्रह यांच्या मुळाशी वनाच्या खालच्या थरावरील अधिकाराचा प्रश्न होता.
३. एकसुरी रोपवनाच्या मर्यादा वनशास्त्राला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच ज्ञात होत्या. तरीही १९७० च्या दशकात त्याच पद्धतीचा विस्तार झाला.
४. रोपवनाखालील विविधता ही त्या जागेचा पूर्वेतिहास, नैसर्गिक वनाचे सान्निध्य आणि व्यवस्थापन यांवर अवलंबून असते.
५. वृक्षसंख्या व छत्रघनता यांवर आधारित भरपाई ही झाडोऱ्याच्या हानीची भरपाई ठरू शकत नाही.

समारोप

इतिहासाचा अभ्यास वर्तमानाला उपयुक्त ठरावा, अशी अपेक्षा नेहमी व्यक्त केली जाते. प्रस्तुत विषयाच्या बाबतीत ती अपेक्षा पूर्ण करणे महाविद्यालयांच्या आवाक्यातले आहे. रायगड जिल्ह्यातील महाविद्यालयांतील इतिहास, वनस्पतिशास्त्र व मराठी या विभागांनी एकत्र येऊन एखाद्या रोपवनाची व त्याशेजारच्या मिश्र वनाची दरवर्षी नोंद ठेवल्यास, झाडोऱ्यातील वनस्पतींची स्थानिक नावे, त्यांचे उपयोग आणि त्या जागेचा पूर्वेतिहास यांचे दस्तऐवजीकरण होऊ शकेल. असे काम करताना ठाकूर व कातकरी समाजातील जाणत्या स्त्री-पुरुषांना केवळ माहिती देणारे न मानता अभ्यासाचे सहभागी मानणे अगत्याचे आहे. ज्या स्त्रिया आज पावसाच्या आरंभी बाजारात शेवळ्याच्या जुड्या घेऊन बसतात, त्यांच्या पुढील पिढीला ती वनस्पती कोठे उगवते हे सांगता आले नाही, तर झालेली हानी कोणत्याही वनीकरणाच्या हिशेबात दिसणार नाही. ती दिसावी यासाठी प्रथम तिची नोंद व्हावी लागते, आणि या प्रदेशात ती नोंद ठेवण्याची जबाबदारी येथील शिक्षणसंस्थांवरच येते.